टाकांच्या शेजारी आयसिस

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, गेली सहा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. जवळच्या सिल्चेस्टरच्या रोमन तटबंदीवरून फिरता फिरता डोक्यात किडा शिरला आणि गेल्या उन्हाळ्यात मी पहिलं रोमन चांदीचं नाणं घेतलं. ज्युलिया डोम्ना या सम्राज्ञीचा डेनारियस, मागच्या बाजूला बाळाला पाजणारी आयसिस देवी. 85 पौंड पडले. दिवाळीला आई इथे आली. नाणं बघून म्हणाली, "ही तर यशोदा!" मी ऑफिसात असताना तिने ते रांगोळीने घासून लख्ख केलं आणि देवघरात टाकांच्या शेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. सत्यानाश! माझे प्रश्न असे. नाणं वाचवता येईल का? देवदेवतांची रोमन चांदीची नाणी जमवायची तर सुरुवात कुठून करू? वर्षाला साधारण 800 पौंड बाजूला काढता येतात. येशूच्या गोष्टीतलं 'ट्रिब्यूट पेनी' ऑनलाइन लिलावात 40 पौंडांना दिसतंय, घेऊ का? दोन वर्षांनी आम्ही कायमचे सांगलीला परतणार आहोत, तेव्हा संग्रह सोबत आणता येईल का? आणि आई नाणं देवघरातून काढू देत नाही, त्याचं काय करू? ती विचारते आहे, देवीचा पाय कशावर आहे? मला तो ठोकळा वाटतो. तिचं परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं आहे.

उत्तर

प्रिय रेडिंगकर,

आधी आईंवरचा राग आवरा. बोटाच्या पेराएवढी चांदी, तिच्यावर उठावाची देवी, कडा ओबडधोबड. सांगलीच्या बाईला हा टाक वाटला नाही तरच नवल. आपल्याकडे खंडोबा-भवानीचे टाक काळे पडले की सोनाराकडे उजळायला देतात, नाहीतर घरीच घासतात. त्यांनी तेच केलं. सत्यानाश झालेला नाही. नुकसान मात्र झालंय, आणि ते नेमकं काय हे कळलं की पुढची नाणी कशी हाताळायची ते वेगळं सांगावं लागणार नाही.

तुमच्या नाण्यात चांदी निम्म्याच्या आसपास आहे, बाकी बहुतेक तांबं. सुरुवातीला असं नव्हतं. इ.स.पूर्व 211च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना डेनारियस निघाला तेव्हा तो जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने त्याचं वजन उतरवलं, पुढे बहुतेकांनी थोडी थोडी चांदी काढून घेतली, आणि डोम्नाबाईंचे यजमान सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस यांनी सैन्याचे पगार वाढवताना ती पार निम्म्यावर आणली. तरी बाजारात नाणं पांढरंशुभ्रच दिसायला हवं. म्हणून टांकसाळीत कोऱ्या चकत्या तापवून आम्लात बुडवत. वरच्या थरातलं तांबं निघून जाई आणि पृष्ठभागावर चांदीची साय धरे. मग त्यावर ठसा. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. आईंनी खरवडली ती ही साय. शिवाय अठराशे वर्षांत चढलेली काळसर झाक गेली. संग्राहक त्या झाकेला जपतात, कारण तिच्यामुळे उठाव नजरेत भरतो आणि नाणं खरं असल्याची थोडी साक्षही मिळते.

आता काय करायचं? जवळपास काहीच नाही. हळदकुंकू राहिलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वरून धडधाकट दिसणारं नाणं टेबलावरून फरशीवर पडून दोन तुकडे झालेलं मी पाहिलंय. नाणं पुन्हा काळं करून देणारी रसायनं बाजारात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. ती झाक कोळशाने काढलेल्या मिशीसारखी दिसते. साध्या आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घालून ठेवून द्या, हवा आपलं काम हळूहळू करेल. त्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ठेवू नका, पीव्हीसीने नाण्यावर हिरवट चिकटा चढतो. हौसेने लाकडी पेटी घ्यायची झाली तर महोगनीची घ्या. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते. इंग्लंडमधले जुने संग्राहक उगीच महोगनीवर पैसे घालत नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जमवायचं काय?

नवीन माणूस देवांची यादी करतो. ज्युपिटर एक, मार्स एक, मिनर्व्हा एक, अपोलो एक. टपाल तिकिटांसारखे रकाने भरायचे. मीही केलं होतं. दोनेक वर्षांत माझ्याकडे बावीस देव झाले आणि एकाही नाण्याबद्दल मला चार वाक्यं सांगता येत नव्हती. रोमन नाण्यावरचा देव भक्तांसाठी आलेला नसतो. कोणता देव आज राजाच्या बाजूने बोलतोय, ते नाणं सांगत असतं. सम्राट डोमिशियनच्या नाण्यांवर जिकडेतिकडे मिनर्व्हा आहे, कारण ती त्याची खास देवता. तो देव कोणी, कधी, कशासाठी आणला हे बाजूला ठेवलं तर हातात नुसती चित्रं उरतात.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही रस्ता शोधायला जाऊच नका, तो तुमच्या देवघरात आहे. डोम्नाच्या घराण्याची नाणी जमवा. इ.स. 193 ते 235, अवघी बेचाळीस वर्षं, बहुतेक नाणी एकाच आकाराची, 17 ते 20 मिलिमीटर, तीन-सव्वातीन ग्रॅमची, आणि भाव आवाक्यातले. पण त्या बेचाळीस वर्षांत रोमच्या देवांचं जे काही झालं, ते एरवी दोनशे वर्षांतही होत नाही.

ही बाई सीरियातल्या एमेसाची, आजच्या होम्स शहराची. वडील तिथल्या सूर्यदेवाचे पुजारी. देवाचं नाव एलागाबाल. त्याला नाक-डोळे नव्हते. एक मोठा, काळा, वर निमुळता होत गेलेला दगड, आकाशातून पडला म्हणत. तुम्हाला-मला हे समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे अर्ध्या गावांच्या देवी तांदळ्याच्या रूपात आहेत. पण रोमन माणसाला देव म्हणजे पिळदार शरीराचा पुतळा. दगडाची पूजा त्याला अगदीच अनोळखी नव्हती. सिबिली या मातृदेवतेचा काळा दगड त्यांनी इ.स.पूर्व 204 मध्ये समारंभाने आशिया मायनरमधून आणवला होता. पण तो आणला आणि आपल्या शिस्तीत बसवला.

डोम्नाने ती शिस्त पाळली. तिच्या नाण्यांवर एमेसाचा दगड दिसत नाही. 'पिएतास पुब्लिका'चं नाणं घ्या. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई वेदीजवळ उभी, दोन्ही हात वर केलेले. रोमन पद्धतीत देवापुढे डोकं झाकूनच उभं राहत, पुरुषसुद्धा टोग्याचा काठ डोक्यावर ओढून घेत. दुसरं 'मातेर देउम', देवांची आई, म्हणजे तीच सिबिली. सिंहासनावर बसलेली, दोन्ही बाजूंना सिंह, कोपराखाली डफ. आईंना दाखवलंत तर तिलाही त्या क्षणात आपल्या एखाद्या देवीचं नाव देतील.

तिसरं मात्र सगळ्यांत आधी घ्या. 'वेस्ता'. ही चुलीची, घरच्या अग्नीची देवी. फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, तिच्या गोल देवळात अग्नी अखंड तेवत ठेवायचा, ते काम सहा व्रतस्थ कुमारिकांचं. विझला तर मुख्य पुजारी चाबकाने फोडून काढी. इ.स. 191 मध्ये रोममध्ये मोठी आग लागली आणि हे देऊळच जळालं. देवळात एक पॅलेडियम होतं, ट्रॉयहून आलेली म्हणून मानलेली पॅलस अथीनाची मूर्ती. बाहेरच्या माणसाने ती कधी पाहू नये असा दंडक. त्या रात्री कुमारिकांनी ती उचलली आणि भर रस्त्यातून राजवाड्यात पळवत नेली. पहिल्यांदाच लोकांनी ती उघड्यावर पाहिली, असं हेरोडियन हा त्या काळचा इतिहासकार सांगतो. पुढे देऊळ पुन्हा उभं राहिलं ते डोम्ना आणि सेव्हेरस यांच्या काळात. आता नाणं हातात घ्या. वेस्ता, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात ती छोटी मूर्ती. आग, पळापळ आणि जीर्णोद्धार हे सगळं अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मावलंय. अशी नाणी मला 60 ते 120 पौंडांत दिसतात. त्यापेक्षा फार स्वस्त असेल तर का ते विचारा.

डोम्ना 217 मध्ये गेली. तिची बहीण ज्युलिया मेसा. दिल्लीच्या राजकारणातही हिने घर केलं असतं. हिने आपल्या चौदा वर्षांच्या नातवाला 218 मध्ये गादीवर बसवलं. तोच एलागाबालस. नाव देवाचं, कारण पोरगा त्या दगडाचा पुजारी. आणि पणजोबांचा तो दगड घेऊन तो रोमला आला. ज्युपिटरच्या डोक्यावर त्याला बसवायला निघाला.

इथून नाणी बघण्यासारखी आहेत. 'सुम्मुस साकेर्दोस', सर्वोच्च पुजारी. स्वतः सम्राट, सीरियन पेहरावात, वेदीवर तर्पण सोडतोय, शेजारी चांदणी. भिंगातून कपाळाकडे पाहा, काही ठशांवर शिंगासारखं काहीतरी वर आलेलं दिसतं. तो बैलाच्या शरीराचा वाळवलेला भाग असावा असं एक मत आहे. कोणता भाग ते आईंना सांगू नका. पेहरावाचा आणि शिंगाचा हा प्रकार सामान्य नगात शंभर पौंडांच्या आसपास मिळतो.

एक नाणं त्याहून कितीतरी महाग आहे, पण दोन वर्षांचे पैसे साठवून घेण्याजोगं. चार घोड्यांचा रथ, रथात माणूस नाही, फक्त तो दगड. दगडावर गरुड कोरलेला, भोवती चार छत्र्या. आपल्या अब्दागिऱ्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. हेरोडियन लिहितो की मिरवणुकीत सम्राट रथापुढे उलटा चाले, देवाकडे तोंड करून, लगाम धरून. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून. रोमन सिनेटर लोकांना हे वेड वाटलं. पंढरपुरात वाढलेल्या माणसाला फारसं वाटणार नाही.

222च्या मार्चमध्ये त्याला आणि त्याच्या आईला मारलं. आजीने दुसरा नातू पुढे केला, सेव्हेरस अलेक्झांडर. दगड एमेसाला परत पाठवला. आणि नाण्यांवर बघा, ज्युपिटर आणि मार्स हजर, तेही 'सूड घेणारा' या बिरुदासह. अलेक्झांडरच्या आईच्या, मामेयाच्या नाण्यांवर पुन्हा वेस्ता आली आणि जूनो आली, पायाशी मोर घेऊन. ही सगळी नाणी गल्लीबोळात मिळतात, भाव डोम्नाच्याच पंगतीतले.

800 पौंडांत वर्षाला बारा नाणी घेता येतील. चार-पाच घ्या. प्रत्येक नाणं घेण्याआधी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ऑक्रे' या खुल्या ऑनलाइन सूचीत त्याचा प्रकार शोधा, ठशांमधले फरक बघा, मग पैसे काढा. आणि रेडिंगच्या संग्रहालयात एक दिवस घालवा. सिल्चेस्टरचं उत्खननातलं घबाड तिथे आहे. त्यातला पंख नसलेला कांस्याचा गरुड सैन्याच्या निशाणाचा असं पूर्वी समजत. आता तो एखाद्या पुतळ्याचा, बहुधा ज्युपिटरच्या, असं मानतात. देवाचं चिन्ह कुठलं आणि सरकारचं कुठलं हे रोमन वस्तूत वेगळं काढणं किती अवघड, ते त्याच्यासमोर उभं राहिल्यावर कळतं.

आता ते 40 पौंडांचं ट्रिब्यूट पेनी. घेऊ नका.

मार्कच्या शुभवर्तमानात गोष्ट आहे. सीझरला कर द्यावा की नाही, असं येशूला विचारतात. तो डेनारियस मागवतो आणि विचारतो, यावर मुद्रा कोणाची, लेख कोणाचा? टायबेरियस 14 ते 37 या काळात सम्राट होता, त्यामुळे त्याचंच नाणं ते, असं लोकांनी धरलं. पुढे सम्राटाचं तोंड आणि मागे फांदी व राजदंड घेऊन बसलेली बाई, शेजारी 'पोंटिफेक्स मॅक्सिमस' या पदवीचं संक्षिप्त रूप, म्हणजे मुख्य पुजारी. येशूने पाहिलं ते नेमकं हेच नाणं होतं असं सिद्ध झालेलं नाही. पण बायबल वाचणारा प्रत्येक संग्राहक ते मागतो, म्हणून भाव चढलेला. तीन-चारशे पौंडांच्या खाली धड नग मिळणं कठीण. तेव्हा 40 पौंडांत काय मिळणार ते तुम्हीच ताडा.

या नाण्याचा आपल्याशी मात्र खरा संबंध आहे, म्हणून थोडं थांबते. टायबेरियसची ही नाणी आणि त्याच्या आधीच्या सम्राट ऑगस्टसची एक विशिष्ट जात दक्षिण भारतात हंडेच्या हंडे सापडली आहेत. तेलंगणात अक्कनपल्लीला एकाच साठ्यात दीड हजारांवर रोमन चांदीची नाणी निघाली. तमिळनाडूत कोइम्बतूरच्या आसपासही बरीच निघाली. मिऱ्यांची किंमत होती ती. दरवर्षी हिंदुस्थान आपले 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची कुरकुर प्रसिद्धच आहे. ऑगस्टसच्या त्या जातीवर त्याने दत्तक घेतलेले त्याचे दोन नातू उभे आहेत, गायस आणि लुसियस, मध्ये ढाली-भाले, आणि वर पूजेची दोन उपकरणं. एक टोकाशी वळलेली काठी, शकुन बघणाऱ्या पुजाऱ्याची. दुसरं सिम्पुलम. लांब उभ्या दांड्याची, तर्पणाचं द्रव्य काढायची. तिला मराठीत पळी म्हणतात, दुसरा शब्द मला तरी सुचत नाही. तेर आणि कोंडापूरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, वर अडकवायला सोय असलेल्या, म्हणजे गळ्यात घालायच्या. आपल्या लोकांनी सम्राटाच्या तोंडाचं लॉकेट केलं होतं. आईंनी जे केलं त्याला दोन हजार वर्षांची वहिवाट आहे, एवढंच सांगायचं होतं.

खोट्या नाण्यांबद्दल. मी स्वतः शिकले ते फटका खाऊन. सीझरचा हत्तीवाला डेनारियस मला हवाच होता. इ.स.पूर्व 49-48चा. एका बाजूला सापासारखं काहीतरी तुडवणारा हत्ती, खाली 'सीझर', आणि दुसऱ्या बाजूला नुसती पूजेची भांडीकुंडी. पळी, पाणी शिंपडायचा कुंचा, बळीची कुऱ्हाड आणि पुजाऱ्याची टोकदार टोपी. गॉलचं युद्ध जिंकलेला माणूस नाण्यावर मुख्य पुजाऱ्याचं सामान मांडतो, याची मला भारी गंमत वाटे. परदेशात एका प्रदर्शनातल्या टेबलावर मिळाला, बऱ्यापैकी स्वस्त. हत्तीच्या कानाखाली एक बारीक खाच होती. मला वाटलं, जुनी खूण. आठ महिन्यांनी दुसऱ्या शहरात दुसऱ्या टेबलावर तसाच हत्ती, तीच खाच, त्याच जागी. हातोडीने ठोकलेल्या दोन नाण्यांना ठशातला दोष सारखा येईल, पण वापरात पडलेली खाच आणि कडेचा आकार सारखा कधीच येणार नाही. दोन्ही एकाच साच्यातून ओतलेले होते. पहिला विक्रेता तोवर गायब.

तेव्हापासून मी आधी कड बघते, मग तोंड. कडेवर भोवताली बारीक शिवण किंवा घासून शिवण काढल्याच्या समांतर रेघा दिसल्या तर ओतीव नाणं. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे आणि अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, तेही तसंच. कडेला कुठे साल उडून आत हिरवट तांबं दिसलं तर गोष्ट वेगळी. ते रोमन काळातलंच खोटं नाणं असू शकतं, तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवलेलं. अशी मी मुद्दाम दोन ठेवली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या फसवणुकीचा पुरावा 30-40 पौंडांत मिळतो, वाईट नाही. चुंबक लावून काही सिद्ध होत नाही, तांबं आणि शिसंही चुंबकाला चिकटत नाहीत. टेबलावर वाजवून तर मुळीच बघू नका, ठिसूळपणाचं वर सांगितलंच. आजकालच्या चांगल्या नकला ठशाने ठोकलेल्या असतात. तिथे तुमची-माझी नजर पुरत नाही. म्हणून ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सभासदाकडून घ्या, खरेपणाची लेखी हमी आणि पावती मागा, आणि नाणं याआधी कोणाच्या संग्रहात होतं ते विचारा. जुन्या संग्राहकाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी सोबत आली तर दहा पौंड जास्त द्या, फेकू तर नकाच.

सांगलीला परतण्याबद्दल नीट ऐका, कारण इथे लोक नंतर कपाळाला हात लावतात. आपल्याकडच्या 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू. ते कुठल्या देशाचं, हा प्रश्न तिथे येत नाही. बाळगायला हरकत नाही. पण एकदा भारतात आलेली पुरावस्तू खासगी माणसाला बाहेर नेता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे उद्या लंडनच्या लिलावात विकू असं मनात असेल तर ते विसरा. ब्रिटनच्या मातीतून निघालेली पुरावस्तू तिथून बाहेर काढायलाही परवाना लागतो, त्यामुळे प्रत्येक नाण्याची पावती आणि ते कुठून आलं याचा कागद आत्तापासून एका फायलीत ठेवा. आणताना विमानतळावर जाहीर करा. लपवून आणलेल्या नाण्याला तुमच्या मुलांच्या हातात काहीच किंमत उरत नाही. निघण्याआधी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या माणसाशी एकदा बोला. माझं स्वतःचं मत विचाराल तर, जी नाणी कधीच विकणार नाही तेवढीच आणा, बाकीची तिथेच विकून या. आणि भारतात सुट्टीवर असताना कोणी 'शेतात सापडलं' म्हणून रोमन नाणं पुढे केलं तर हात मागे घ्या. जमिनीतलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा कायदा 1878चा आहे, अजून चालू आहे.

देवघराचं सोपं आहे. तुमचं नाणं तिथून काढून घ्या, पण जागा रिकामी ठेवू नका. आईंना त्यांचं स्वतःचं नाणं घेऊन द्या. पूर्ण झिजलेला, नाक-डोळे पुसट झालेला एखादा वेस्ताचा किंवा फाउस्टिना या सम्राज्ञीचा डेनारियस 20-25 पौंडांत मिळून जाईल. हजारो हातांनी आधीच घासून ठेवलाय, आईंच्या रांगोळीने त्याचं आणखी काय बिघडणार? चुलीची देवी, अखंड दिवा, देऊळ जळालं तेव्हाची ती पळापळ, हे सगळं त्यांना सांगा. देवघरात नंदादीप असेल तर वेस्ता तिथे परकी नाही. आयसिसला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर आणा, तिच्या डबीतच, अक्षता डबीवर. मी तेच करते.

राहिला आईंचा प्रश्न, देवीचा पाय कशावर आहे. तुम्ही पत्रात ठोकळा, असं लिहिलंत. आईंचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत, त्यांना तो ठोकळा वाटला नाही म्हणून तर त्यांनी विचारलं. ती नौकेची नाळ आहे. मागे वेदी आहे, आणि वेदीला टेकवून ठेवलंय ते सुकाणू. कडेवरचं बाळ तिचा मुलगा होरस. आयसिस मूळची इजिप्तची, आणि रोमचं पोट इजिप्तच्या गव्हावर चालायचं. अलेक्झांड्रियाहून गव्हाची गलबतं सुखरूप पोचली तर शहरात भाकरी. म्हणून ती खलाशांची देवी झाली. हिवाळाभर समुद्र बंद असे. तो उघडायचा दिवस 5 मार्च, त्या दिवशी आयसिसच्या नावाने एक सजवलेली नाव पाण्यात सोडत. वर लेख 'साएकुली फेलिकितास', या युगाचं सौख्य. सम्राज्ञीचं म्हणणं सरळ आहे. आमच्या राज्यात बाळं धष्टपुष्ट आणि गलबतं वेळेवर.

आईंना म्हणावं, ही त्यांची नारळी पौर्णिमा. तिकीट आठवडाभर पुढे ढकलता आलं तर 5 मार्चला त्यांना टेम्सच्या काठावर घेऊन जा आणि एक नारळ वाढवा. पाण्यात मात्र टाकू नका, तिथले लोक ओरडतील. घरी आणून चटणी करा.